आठ नंबरचे दोन डबे

उत्तमराव जेवायला बसले की मोबाईलवर सिनेमा लावायचा नाही, असा साखरा गावातल्या त्या घराचा कायदा होता. तो एकदाच मोडला, त्यांच्या मुलानं. मुलगा भाकरी मोडता मोडता काहीतरी बघत होता. त्यात एका माणसानं दुसऱ्याचं बोट छाटलं, मिठाईच्या डब्यात घातलं आणि डबा त्याच्या बायकोला पाठवून दिला. उत्तमरावांचा वरणाचा भुरका घशातच अडकला. त्यांनी ताट असं ढकललं की कांदा उडून पार चुलीपाशी गेला.

"शी! ह्याला सिनेमा म्हणता व्हय? मग खाटकाच्या दुकानापुढं जाऊन बसा ना. तिथं फुकट दिसते."

"बाबा, क्राइम आहे हे," मुलगा म्हणाला.

"क्राइम मला शिकवू नको. आमच्या वक्ताला चोर तिजोरीपाशी गेला की आधी शिंकायचा. पब्लिक हसायची. हसता हसता तिजोरी खाली व्हायची अन कुणाला खरचटत बी नव्हतं. हे तुमचे चोर! आंघोळ तरी करतात का रे? निस्ती घाण!"

मुलानं मोबाईल उलटा करून ठेवला. सुमनबाईंनी, म्हणजे उत्तमरावांच्या बायकोनं, कांदा उचलून धुतला आणि परत ताटात ठेवला. त्यांना हे भाषण तोंडपाठ होतं.

उत्तमराव पाटलांच्या घरातले, साखऱ्यात सहा एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन, तूर, पाऊस नीट झाला तर हरभरा. पण गावात त्यांना शेतकरी म्हणून कुणी ओळखत नाही, 'आपरेटर' म्हणूनच ओळखतात. हिंगोलीच्या बंडोपंतांची टुरिंग टॉकीज होती. जत्रा असेल तिथं तंबू ठोकायचा, पडदा ताणायचा, मशीन लावायची आणि पिक्चर दाखवायचा. चाळीस वर्षांपूर्वी त्या मशिनीवर उत्तमराव सात हंगाम उभे राहिले. त्या सात हंगामांवर ते पुढं जन्मभर अंगात वारं शिरल्यासारखे बोलत राहिले. शेतीबद्दल विचारा, दोन वाक्यं. सिनेमाबद्दल विचारा, चहा गार.

आणि सिनेमाही कोणते? नावाजलेले नाहीत. नावाजलेल्यांचा त्यांना भारी तिटकारा. "त्यात काय हाय? हिरो रडते, हिरोची माय रडते, पब्लिक रडते. पैसे देऊन रडायचं! घरी काय कमी हाय?" बंडोपंतांना मोठे सिनेमे परवडत नसत. लांबच्या गोदामात धूळ खात पडलेले, कुणी न विचारलेले, काळेपांढरे, फाटके सिनेमे ते उचलून आणत. त्यातले चोरीचे विनोदी सिनेमे उत्तमरावांच्या काळजात जाऊन बसले. कुलूप तोडायला निघालेला चोर स्वतःच्याच धोतरात पाय अडकून पडतो. पोलीस त्याला उठवतो, धूळ झटकतो आणि 'जपून जा' म्हणतो. असल्या सिनेमांत कुणी खरा वाईट नसायचा. जो तो आपला पोटासाठी लबाडी करायचा आणि लबाडी उघडी पडली की लाजायचा. हे लाजणंच उत्तमरावांना आवडायचं. "आता चोराला लाज न्हाई अन पोलिसाला बी न्हाई," ते म्हणायचे आणि थुंकायचे.

त्या सगळ्यांतला त्यांचा जीव की प्राण म्हणजे 'तिजोरी में बिल्ली'. त्यात कोण नट होते, कुणी काढला, कुणाला ठाऊक नाही. नावांच्या पाट्यांचा भाग इतका झिजला होता की पडद्यावर नुसता रेघांचा पाऊस पडायचा. पण साखऱ्याच्या जत्रेत तो लागला आणि तंबू हसून हसून फाटायची वेळ आली. त्याची गोष्ट उत्तमरावांनी नंतर हजारदा सांगितली, ती अशी.

एक भाडेकरू असतो, सफाचट तोंडाचा, घाबरट. घरमालकीण त्याला लाटणं घेऊन घरभर पळवते. मग मध्येच एक मिशीवाला इन्स्पेक्टर येतो, हुबेहूब त्याच तोंडाचा. तो एका शेटजीला म्हणतो, तुमच्या तिजोरीवर चोरांचा डोळा आहे, मी पहारा देतो. पहारा देता देता तिजोरी तोच साफ करतो आणि गडबडीत शेटजीची मांजर आत कोंडली जाते. शेटजी तिजोरी उघडतो, तर मांजर त्याच्या पगडीवर! इन्स्पेक्टर पकडला जातो, कोठडीत पडतो. आणि लगेच पुढच्या रिळात काय? तोच माणूस, सफाचट तोंडाचा, भर बाजारात पेरू खात हिंडतोय!

"जुळा!" तंबूतलं कुणीतरी ओरडलं. "जुळा भाऊ हाय रे त्याचा!"

तो पेरू संपवतो, घरी जातो, आरशापुढं उभा राहून डिंकानं मिशी चिकटवतो. तंबूत शिट्ट्यांचा पाऊस. "भावाला सोडवायला चालला गड्या!" पुढच्या रिळात मिशीवाला कोठडीच्या दाराशी हवालदाराबरोबर चहा पितो. आतला कोणता, बाहेरचा कोणता, यावर लोकांची तंबूतच भांडणं जुंपली. एक म्हातारी हसता हसता बाकावरून खाली आली आणि खाली बसूनच हसत राहिली.

आसपासच्या वीस खेड्यांत त्या सिनेमाला खरं नाव राहिलंच नाही. 'जुळ्याचा सिनेमा' म्हणायचं. आजही साखऱ्यात कुणी उसनं नेलेलं अवजार नेलंच नाही म्हणालं तर समोरचा विचारतो, "मग काय तुझा जुळा आला होता?"

या जुळ्याला आयुष्यभर एकच माणूस नाही म्हणत आला. नेमसिंग. साखऱ्यापासून कोसभर लांब असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. तोही तेव्हा त्याच मशिनीवर होता, उत्तमरावांच्याच वयाचा, त्यांच्याच हाताखाली.

झालं होतं असं. सिनेमाची रिळं पत्र्याच्या गोल डब्यांतून येत आणि झाकणावर खडूनं आकडा घातलेला असे. त्या खेपेला अकरा डबे आले. लावायला घेतले तर चार नंबर नाहीच आणि आठ नंबरचे डबे दोन. डब्यातल्या पट्टीच्या सुरुवातीला आकडा असतो, पण ती सुरुवात फाटून गेली होती. उत्तमरावांनी डोकं चालवलं. जुन्या सिनेमाचं एखादं रीळ गहाळ असणं नवं नव्हतं, म्हणजे चार गेलं. आणि आठवं मोठं असेल, म्हणून दोन डब्यांत घातलं असेल. सात झालं की आठ, मग दुसरा आठ, मग नऊ.

नेमसिंग झाकण उजेडात धरून म्हणाला, "पाटील, ह्यो आठ न्हाई. मराठी चार हाय. वरून उघडा हाय, बघा."

"बाकीचे धा आकडे इंग्रजीत अन एकच मराठीत कोण लिहील रे?"

"झाकण दुसऱ्या डब्याचं आलं असंल."

"आठच हाय. इंग्रजी येते का तुला?"

नेमसिंगला इंग्रजी येत नव्हतं. उत्तमराव सातवी पास होते. विषय तिथंच संपायचा, पण नेमसिंग चिवट. खेळ सुटल्यावर तो सरळ बंडोपंतांकडं गेला आणि म्हणाला, रीळ मागंपुढं लागलं, सिनेमात जुळा बिळा काही नाही. उत्तमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक अजून डोळे पुसत बाहेर पडत होते आणि हा म्हणतो चुकलं! त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "ज्याला चार अन आठातला फरक कळत न्हाई त्यानं मशिनीला हात लावायचा न्हाई. एक तर ह्यो राहील, न्हाई तर मी."

हसणारी पब्लिक बंडोपंतांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी नेमसिंगला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. पुढं तो ऊसतोडीला जात राहिला, पाठ गेल्यावर शेळ्या राखू लागला. पण सेनगावच्या बाजारात दोघांची गाठ पडली की तो एवढंच म्हणायचा, "पाटील, जुळा न्हाई." आणि उत्तमराव म्हणायचे, "जा रे, आधी आकडे शीक." बाजार हसायचा. चाळीस वर्षं हाच खेळ चालला आणि दर वेळी हसणारे उत्तमरावांच्या बाजूचे असायचे.

यंदा दिवाळीनंतर उत्तमरावांची पुतणी पुनम हिंगोलीहून आली. कॉलेजात शिकते. आल्या आल्या पाय न धुता ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मोठे बाबा, तुमचा सिनेमा सापडला! इंटरनेटवर हाय. कुणीतरी सहा वर्षांमागं टाकलाय. आतापर्यंत एकशे बारा लोकांनी पाहिला."

उत्तमराव उठून तिच्याजवळ येऊन बसले. मग तिनं मोबाईल पुढं केला आणि त्यांचं तोंड कडू झालं. पडद्याच्या कोपऱ्यात कुठल्याशा चॅनलचा लालभडक शिक्का आणि खाली केसांच्या तेलाची जाहिरात नाचत होती.

"बंद कर ते. हात हात भर माणसं बोट बोट भर करून पाहायची? मढ्याच्या कपाळावर जाहिरात चिकटवतील हे लोक!"

पण बातमी पारावर गेली. सरपंच विश्वंभर तर असल्या गोष्टीची वाटच बघत असतो. तो म्हणाला, "काका, शाळेत मोठ्या पडद्याची मशीन आलीय. रविवारी दुपारी लावू. गावाला जुळा दाखवू." कुणीतरी म्हणालं, नेमसिंगला बोलवा, म्हाताऱ्याची खोड मोडू. उत्तमरावांना चेव आला. चाळीस वर्षांची खात्री होती पाठीशी. ते भर पारावर म्हणाले, "बोलवाच. जुळा निघाला न्हाई तर मी तांड्यावर जाऊन नेमसिंगच्या पाया पडतो. अन निघाला तर त्यानं पुन्हा तोंड उघडायचं न्हाई."

पाटलानं तांड्यावर जाऊन पाया पडायचं! शब्द पारावरून सुटला तो दिवस मावळायच्या आत तांड्यावर पोचला.

रविवारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना खताची पोती बांधून अंधार केला होता. पोत्यांचा उग्र वास, त्यात पन्नास माणसांचा घाम. दाराच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. शाळेत! उत्तमराव नाकाला रुमाल लावून पहिल्या बाकावर बसले. टॉकीजच्या तंबूत ते कुणाला थुंकू देत नसत. नेमसिंग आला तो दाराजवळच भिंतीला टेकून बसला. स्वच्छ धोतर, डोक्याला पागोटं. रामराम केला.

सिनेमा सुरू झाला. गोदामातल्या फाटक्या फितीपेक्षा चित्र कितीतरी स्वच्छ होतं आणि त्याचाच उत्तमरावांना राग आला. घरमालकिणीचं लाटणं इतकं स्पष्ट दिसत होतं की ते पुठ्ठ्याचं आहे हेही दिसलं. दर दहा मिनिटांनी जाहिरात. कुणाचा तरी फोन वाजायचा आणि तो अंधारातच मोठ्यानं बोलायचा, "सिनेमात हाय, सिनेमात!"

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्या खोलीत ती दोघांनाच माहीत होती. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक पांढरा ठिपका चमकतो. आपरेटरनं दुसऱ्या रिळाच्या तयारीला लागायची ती खूण. थोड्या वेळानं दुसरा चमकतो आणि रीळ संपतं. बघणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. आपरेटर मात्र कितीही म्हातारा झाला तरी त्याची नजर तिथं जातेच. उत्तमरावांची गेली. एक रीळ संपलं. हसू आलं त्यांना, बोटं आपोआप मांडीवर हलली. दुसरं संपलं. तिसरं संपलं.

आणि पेरू आला.

बाजारात पेरू खाणारा सफाचट माणूस. अजून मिशीवाला आलाच नव्हता. तिजोरी नाही, मांजर नाही, कोठडी नाही. पेरू संपवून तो घरी गेला, आरशापुढं उभा राहिला आणि डिंकानं मिशी चिकटवू लागला. मग उत्तमरावांना सगळं दिसलं. हा दुसरा कुणी नव्हताच. एकच माणूस. भाडेकरूनं आधी मिशी चिकटवली, मग इन्स्पेक्टर झाला, मग चोरी केली. सरळ, साधी, कुणालाही कळेल अशी गोष्ट. चौथं रीळ चौथ्या जागेवर होतं.

त्यांना मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

खोलीत कुणी शिटी मारली नाही. मिशी आधीच बघितली होती, त्यामुळं इन्स्पेक्टर आला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मांजर पगडीवर उडी मारते तेव्हा तेवढी शाळकरी पोरं हसली. शेवटी शेटजीच लबाड निघतो आणि हवालदार भाडेकरूला चहा पाजून सोडून देतो. संपलं. जांभया देत देत लोकांनी बाकावर पाय पसरले. नीट क्रमानं लावलेला तो सिनेमा अगदीच फुसका होता. सहा वर्षांत एकशे बाराच लोकांनी का पाहिला ते कळलं. ज्या सिनेमावर वीस खेडी हसली होती तो कुणी काढलेलाच नव्हता. तो एका खडूच्या आकड्यानं झाला होता.

"आरं पण जुळा कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.

क्षणभर सगळे उत्तमरावांकडं बघायला लागले. आणि विश्वंभर उठून उभा राहिला.

"कापला!" तो म्हणाला. "इंटरनेटवाल्यांनी जुळा कापला! मी सांगतो ना, हे लोक काहीबी कापतात. माह्या आजानं सोताच्या डोळ्यानं पाह्यला होता जुळा."

"माह्या मायनं बी!"

"व्हय व्हय, कापलाच!"

खोलीला बरं वाटलं. ज्याच्या त्याच्या घरात जुळा पाहिलेलं कुणी ना कुणी होतंच, मग तो नसेल कसा? उत्तमरावांनी काही बोलायचीही गरज नव्हती. गावानं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं होतं.

नेमसिंग भिंतीला धरून उठला. पन्नास जणांच्या कलकलाटात तो एवढंच म्हणाला, "पाटील, ठिपके मोजले का?"

कुणाला काही कळलं नाही. "कसले ठिपके रे?" कुणीतरी हसलं. "म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला!"

उत्तमरावांच्या जिभेवर 'तीन' होता. ते म्हणाले, "अंधारात काय दिसते."

नेमसिंगनं मान हलवली. चपला घातल्या आणि उन्हात चालता झाला. त्याच्या मागं खोली खदखदून हसली. विश्वंभरनं उत्तमरावांच्या पाठीवर थाप मारली. तो तळहात ओला होता, गुटख्याचा वास येत होता, आणि उत्तमरावांना वाटलं की आता आपण इथंच ओकणार.

घरी सुमनबाईंनी ताट वाढलं. उत्तमरावांनी घास मोडला, तोंडापर्यंत नेला, परत ठेवला.

"काहून? आज तर कुणी बोट छाटलं न्हाई," सुमनबाई म्हणाल्या.

"भूक न्हाई."

"तो नेमसिंग कसल्या ठिपक्याचं म्हणत होता?"

बायका मागच्या दारानं येऊन सिनेमा बघत उभ्या होत्या, हे उत्तमरावांच्या ध्यानात नव्हतं. मशिनीचं कुणी विचारलं की सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी ठिपक्याचं सांगितलं, एक चमकला की काय, दुसरा चमकला की काय. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला.

"मंग किती रिळं झाल्यावर पेरू आला?"

"तीन."

सुमनबाईंनी ताटात तसाच ठेवलेला घास पाहिला. मग म्हणाल्या, "मंग भाकर कशी जाईल?" आणि ताट उचलून आत घेऊन गेल्या. त्यांनी रागावायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. ताट नुसतं उचललं याचा उत्तमरावांना जास्त त्रास झाला.

आयुष्यभर त्यांनी लोकांवर नाक मुरडलं होतं. मुलाच्या सिनेमावर, विश्वंभरच्या भाषणांवर, रस्त्यावर थुंकणाऱ्यांवर, लाज नसलेल्या चोरांवर. त्या दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या त्यांना स्वतःच्या अंगाचाच वास नकोसा झाला. लबाडी उघडी पडली की लाजतो तो चोर चांगला, असं सांगत फिरणारा माणूस पन्नास जणांपुढं धडधडीत खोटं बोलला होता. आणि लाजलाही नव्हता. थू!

सकाळी त्यांनी चहाही घेतला नाही. मुलगा म्हणाला, गाडीवर सोडतो. ते म्हणाले, नको. कोसभर चालत तांड्यावर गेले. नेमसिंग घरापुढं शेळ्यांना पाला टाकत होता. त्यानं बघितलं, हातातला पाला टाकला आणि खाट झटकून दिली.

उत्तमराव बसले नाहीत. म्हणाले, "तीन झाल्यावर पेरू आला. चारच होता. तू बराबर होता." आणि वाकले.

नेमसिंगनं पाय झटकन मागं घेतले. "न्हाई पाटील. पाया नका पडू."

"शब्द दिला होता मी."

"दिला होता, मला ठाऊक हाय. पण इथं कुणी पाह्यलं तर काय होईल सांगा? उद्या सगळीकडं तुमचंच नाव होईल. पाटील केवढ्या मनाचा म्हणून. मला काय भेटलं त्यात?"

उत्तमराव अर्धे वाकलेले तसेच राहिले. कंबर धरून सरळ झाले. "मग काय करू? मशीन तर गेली. बंडोपंत बी गेले. आता काय करू मी, तूच सांग."

नेमसिंग खाटेच्या कडेवर बसला. त्याचा आवाज चढला नाही. "नोकरीचं मला काही न्हाई. ऊस काय, शेळ्या काय, पोट भरलंच. पण दुसऱ्या दिवशी माहा बाप तुमच्याकडं आला होता, तंबूवर. आठवते का?"

उत्तमरावांना आठवेना. त्यांनी खरंच डोकं ताणलं. पेरूवाल्याच्या सदऱ्याची बटणं आठवत होती, नेमसिंगचा बाप आठवत नव्हता.

"आला होता. हात जोडून म्हणला, पोरगं चुकलं असंल तर पदरात घ्या. तुमी डबे बांधत होते. वर न पाहता म्हणले, काका, तुमच्या पोराला आकडे कळत न्हाईत, त्याला बाजारहाटाला बी पाठवू नका. माह्या बापाला तुमचं लई कवतिक होतं. शिकलेला माणूस, पाटलाचं पोरगं, खोटं काहून बोलंल? मी घरी किती सांगितलं, चार होता, चार होता. मानलंच न्हाई त्यानं. उसाची मोळी मोजली तरी माह्यामागून पुन्हा मोजायचा. बैल घ्यायला गेलो तर पाव्हण्याला सांगायचा, ह्याच्याशी बोलू नका, ह्याला आकडे कळत न्हाईत. मराया टेकला तरी माह्या भावाला जवळ बोलावून म्हणला, दादाकडं लक्ष ठेव, त्याला कुणी फसवंल."

शेळीनं पाल्यात तोंड घातलं. आयुष्यात इतकी किळस उत्तमरावांना कशाचीच आली नव्हती, छाटलेल्या बोटाचीही नाही.

नेमसिंग उठला. "या," म्हणाला.

आत अंधारी खोली होती. भिंतीवर धर्मसिंगचा, नेमसिंगच्या बापाचा फोटो, प्लास्टिकचा हार घातलेला. मोठं पागोटं, बारीक डोळे. नेमसिंगची सून भांडी घासत होती, ती हात थांबवून बघत राहिली.

"तुमचं तो मानायचा," नेमसिंग म्हणाला. "त्याला सांगा."

उत्तमरावांनी टोपी काढली. फोटोकडं बघितलं, खाली बघितलं. खाकरून शेवटी पुटपुटले, "काका, तो चार होता."

"जोरात बोला, पाटील," नेमसिंग म्हणाला. "त्याला कमी ऐकू यायचं."

उत्तमरावांनी त्याच्याकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. मग त्यांनी दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली आणि असतील नसतील त्या ताकदीनं ओरडले, "काका! चार होता! तुमच्या पोराला आकडे कळतात! मी चुकलो होतो!"

बाहेर नळावरच्या बायका घागरी तशाच ठेवून दाराकडं बघायला लागल्या. सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं. नेमसिंग बापाच्या फोटोकडं बघत उभा होता.

"अजून एकदा," तो म्हणाला.